थंड मुलखात पिकलेली लाल वाइन : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात वाइनच्या आंबवणाविषयी लिहिले होते. त्यावर सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली आणि त्यांतील बहुतेकांचा रोख थंड हवामानात पिकणाऱ्या द्राक्षांच्या लाल वाइनकडे होता. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयासाठी राखले आहे. पत्रे थोडक्यात देत आहे.

प्रश्न : तासगाव तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे. मुलगी जर्मनीत नोकरी करते. या खेपेस येताना तिने तिकडच्या आर नदीच्या खोऱ्यातील लाल वाइनची बाटली आणली. ग्लासात ओतली तर रंग कोकम सरबताइतकाच. ग्लासामागे धरलेले बोट आरपार दिसत होते. चवीला आंबट आणि अंगाने हलकी. आमच्या भाषेत सांगायचे तर साखर न भरलेल्या मालाची वाटली. मुलगी म्हणते, ही तिकडची नावाजलेली वाइन आहे. ही कच्च्या द्राक्षांची वाइन आहे का?
(द्राक्षबागायतदार, तासगाव)

उत्तर : आपली शंका बागायतदाराची आहे आणि ती रास्त आहे, कारण आंबट मणी म्हणजे कच्चा मणी हे आपल्याकडचे समीकरण पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवावर उभे आहे. तरीही ही वाइन बहुधा पिकलेल्याच द्राक्षांची असावी. फरक आहे तो पिकण्याच्या वेगाचा आणि पिकण्याच्या दिवसांचा.

आपण ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी घेतो, डिसेंबर-जानेवारीत मण्यात पाणी उतरते, म्हणजे मणी मऊ होऊन गोड होऊ लागतो, आणि तिथून माल तयार होईपर्यंत प्रत्येक आठवडा आधीच्या आठवड्यापेक्षा अधिक तापत जातो. फेब्रुवारी संपताना तासगाव-कवठेमहांकाळच्या माळावर दुपारचा पारा 35 अंशांच्या घरात पोहोचलेला असतो. आर खोरे सुमारे 50.5 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे वेल एप्रिलमध्ये फुटते, जूनमध्ये फुलोरा येतो, ऑगस्टमध्ये मण्यात पाणी उतरते आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. म्हणजे आपला माल चढत्या उन्हात पिकतो आणि त्यांचा माल उतरत्या उन्हात. थंड हवामानातील लाल वाइनचा जवळजवळ सगळा स्वभाव या एका गोष्टीतून निघतो, असे माझे मत आहे.

आधी आंबटपणाचे पाहू. द्राक्षात मुख्यतः दोन आम्ले असतात. एक टार्टरिक, जे चिंचेला आंबट करते, आणि दुसरे मॅलिक, ज्याची चव हिरव्या सफरचंदात ओळखू येते. टार्टरिक आम्ल उष्णतेला फारशी दाद देत नाही. मॅलिक आम्ल मात्र मणी श्वसनात खर्च करून टाकतो आणि हवा जितकी उबदार तितका हा खर्च वाढतो. आपल्याकडे काढणीपर्यंत त्यातले थोडेच शिल्लक राहते, तर सप्टेंबरच्या गार रात्रींत पिकणाऱ्या मण्यात बरेच टिकून राहते. लाल वाइन करताना पुढे जिवाणूंकरवी या मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्लात, म्हणजे दह्या-ताकातल्या सौम्य आम्लात, रूपांतर होऊ देतात. तरीसुद्धा मूळची धार पूर्णपणे जात नाही आणि ती जाऊ नये अशीच वाइन करणाऱ्याची इच्छा असते, कारण या वाइनचा ताजेपणा आणि काही वर्षे टिकण्याची ताकद त्या धारेवरच अवलंबून असते.

अंगाने हलकी लागण्याचे कारण साखरेत आहे. 22 ब्रिक्सला, म्हणजे रसात वजनाने सुमारे 22 टक्के साखर असताना, तोडलेल्या द्राक्षांपासून साधारण साडेबारा टक्के अल्कोहोल मिळते, तर 25 ब्रिक्सच्या द्राक्षांपासून ते 14 टक्क्यांच्या वर जाते. अल्कोहोलमुळे वाइनला जिभेवर जडपणा आणि किंचित गोडसर ऊब येते. ती कमी असली की वाइन पातळ वाटते. पण त्याच वेळी फळाचा वास मोकळा होतो.

रंगाचा प्रश्न बऱ्याच अंशी वाणाचा आहे. आर खोऱ्यात सर्वाधिक लागवड पिनो न्वार या वाणाची आहे, त्यालाच जर्मनीत श्पेटबुर्गुंडर म्हणतात. बाटलीवर हा शब्द आहे का, ते मुलीला पाहायला सांगावे. या वाणाच्या सालीत रंगद्रव्य मुळातच बेताचे असते आणि शिराझ किंवा कॅबरने या वाणांच्या रंगाला जी स्थिरता असते, ती देणारा रंगद्रव्यांचा एक गट पिनो न्वारमध्ये नसतोच. त्यामुळे तो पूर्ण पिकला तरी फिकाच राहतो. एक गोष्ट घरी करून पाहावी. पांढऱ्या कागदावर दोन ग्लास ठेवावेत, एकात ही वाइन आणि दुसऱ्यात आपल्याकडची शिराझ घ्यावी, आणि ग्लास तिरपा करून कडेचा रंग पाहावा. थंड मुलखातील ताज्या वाइनची कड डाळिंबाच्या दाण्यासारखी लखलखीत लाल दिसेल आणि उष्ण प्रदेशातील वाइनची कड बहुधा जांभळटपणाकडे झुकलेली असेल. शाळेत जास्वंदीच्या फुलाचा कागद लिंबाच्या रसात बुडवून लाल केला होता, त्यातले तत्त्व इथेही लागू पडते : आम्ल अधिक असले की हा रंग लालीकडे जातो, कमी असले की निळसर होतो.

आता पिकले-कच्चे हे ठरवायचे कशावर? आपल्या थॉमसन आणि सोनाका या वाणांना बी नाही, म्हणून आपण साखर मोजतो आणि थांबतो. वाइनच्या द्राक्षात बी असते आणि खरा निर्णय ती देते. काही वर्षांपूर्वी पलूस भागातील शिराझच्या एका बागेत मी ओळीने आठ-दहा घडांतले मणी तोडून त्यांच्या बिया चावून पाहिल्या होत्या. साखर मीटरवर तयार दिसत होती, साल रंगली होती. पण निम्म्या बिया अजून हिरवट होत्या, दाताखाली चिवट लागत होत्या आणि त्यांचा कडू तुरटपणा बराच वेळ हिरड्यांना धरून बसला. ज्या बिया तपकिरी झाल्या होत्या, त्या कट्‌कन फुटल्या आणि त्यांना भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखी चव होती. उष्ण हवेत साखर पुढे धावते आणि बी मागे राहते. थंड हवेत साखर सावकाश चढते, म्हणून बी आणि साल यांना तिला गाठायला वेळ मिळतो. साडेबारा टक्क्यांची वाइनही पूर्ण पिकलेली असू शकते, ती अशी.

थंड मुलखात खरोखर कच्ची वाइन होतच नाही असे मात्र समजू नये. ज्या वर्षी उन्हाळा पावसात जातो, त्या वर्षी ती होते. तिची ओळख अशी की, आंबटपणासोबत हिरवा कडवटपणा येतो आणि घोट गिळल्यावर तोंडात मागे काही उरत नाही. आपल्या बाटलीत घोटानंतर चेरी, ओली माती किंवा सुकी पाने यांसारखा वास रेंगाळला असेल, तर मुलीचे म्हणणे खरे आहे.

प्रत्येक थंड प्रदेशाची वाइन फिकी असते, असेही नाही. न्यूझीलंडमधील सेंट्रल ओटागो 45 अंश दक्षिण अक्षांशावर आहे, पण तिथले ऊन कडक आणि रात्री फार गार असल्याने त्याच पिनो न्वारची वाइन गडद आणि भरदार होते.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. जुलै 2021 मध्ये आपल्याकडे कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, त्याच महिन्यात आर नदीलाही महापूर आला आणि तिथली वाइनची तळघरे चिखलाने भरली. बागायतदारांनी त्या चिखलाने माखलेल्या बाटल्या न धुता तशाच विकून उभारणीसाठी पैसा जमवला. आपल्या हातातली बाटली त्या खोऱ्यातून आली आहे.

प्रश्न : फ्रान्समधील ऱ्होन खोऱ्याच्या उत्तर भागातील सिरा द्राक्षाची वाइन एका स्नेह्यांकडे घेतली. तिला चक्क काळ्या मिरीचा वास होता. त्यात मसाला मिसळतात का? माझ्या पत्नीला तो वास मुळीच आला नाही.
(एक वाचक, सांगली)

उत्तर : काहीही मिसळत नाहीत. तो वास द्राक्षाच्या सालीतूनच येतो आणि आपल्या पत्नीचे नाकही ठीक आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिले की, सिरामधील मिरीचा वास रोटंडोन नावाच्या संयुगामुळे येतो आणि प्रत्यक्ष काळ्या मिरीचा वासही त्याच संयुगाचा आहे. एका लिटर लाल वाइनमध्ये त्याचे केवळ 16 नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे काही अब्जांश, असले तरी बहुतेकांना वास येतो. मात्र त्या संशोधकांनी घेतलेल्या चाचणीतील सुमारे एक पंचमांश लोकांना प्रमाण पुष्कळ वाढवूनही तो आला नाही. थंड जागी आणि थंड वर्षी सालीत रोटंडोन अधिक साठते, उन्हाने तापणाऱ्या घडांत ते कमी राहते. सिरा आणि शिराझ हे एकच वाण आहे. आपल्याकडच्या शिराझमध्ये पिकलेल्या जांभळाचा आणि मुरांब्याचा वास पुढे असतो आणि मिरी मागे पडते, याचे एक मोठे कारण हवामान हेच आहे.

कॅबरने कुळातील वाणांत असाच प्रकार ढोबळी मिरचीच्या वासाचा आहे. फ्रान्समधील लोआर खोऱ्यातल्या शिनों गावच्या कॅबरने फ्रांमध्ये तो हलकासा असला तर मला फार आवडतो. त्याचे कारण असलेले पायराझिन हे संयुग कच्च्या मण्यात भरपूर असते आणि ऊन लागेल तसे घटते. म्हणून थंड मुलखात काढणीपूर्वी घडाभोवतीची पाने काढतात. आपल्याकडे तीच पाने उन्हाने मणी भाजू नयेत म्हणून राखावी लागतात.

प्रश्न : महाबळेश्वर-पाचगणीची हवा थंड आहे, स्ट्रॉबेरी उत्तम येते. मग तिथे अशा वाइनची द्राक्षे का लावू नयेत?
(शिक्षिका, वाई)

उत्तर : हा प्रश्न मलाही अनेक वर्षे मोह घालत आला आहे. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंशांनी उतरते आणि महाबळेश्वर 1,370 मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे हिशोब कागदावर जमतो. प्रत्यक्षात तीन अडचणी आहेत. पहिली पावसाची. पिनो न्वारसाठी प्रसिद्ध असलेल्या फ्रान्समधील बर्गंडीत वर्षाला सात-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बारा महिन्यांत विभागून. महाबळेश्वरात तो पाच हजार मिलिमीटरच्या वर जातो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत कोसळतो. डाऊनी आणि करपा या बुरशीजन्य रोगांपुढे वेल टिकवणे तिथे किती कठीण होईल, हे कोणीही बागायतदार सांगेल. दुसरी अडचण विश्रांतीची. युरोपातील वेल हिवाळ्यात पाने टाकून झोपते आणि वसंतात एकदम फुटते. आपल्याकडे तशी कडक थंडी नसल्याने वेल सदा जागी असते, म्हणून तर आपण एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्यांनी तिचे वर्ष बांधतो.

तिसरी अडचण क्वचितच कोणी लक्षात घेते, ती म्हणजे दिवसाची लांबी. बर्गंडीत जूनमध्ये दिवस जवळजवळ सोळा तासांचा असतो. हवा गार आणि प्रकाश मात्र लांबलचक, या जोडीवर तिथला घड पोसला जातो. आपल्या अक्षांशावर फळछाटणीनंतरचे दिवस अकरा-साडेअकरा तासांचे असतात. गारवा डोंगरावर मिळेल, पण हा प्रकाश कुठून आणणार? स्ट्रॉबेरी काही महिन्यांचे पीक आहे, पावसाळ्यानंतर लावली की तिचे भागते.

प्रश्न : थंड देशांत वाइनमध्ये साखर घालतात असे ऐकले. ही भेसळ नव्हे काय?
(एक वाचक, कराड)

उत्तर : आंबवण्यापूर्वी किंवा आंबवताना रसात साखर घालण्याची पद्धत फ्रान्सच्या उत्तरेकडील भागांत कायद्याने, मर्यादेत, मान्य आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शाप्ताल यांनी 1801 मध्ये तिचा पुरस्कार केला, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. लिटरला सुमारे 17 ग्रॅम साखर घातली की अल्कोहोल एका टक्क्याने वाढते. ती सारी आंबून जाते, वाइन गोड होत नाही. उष्ण प्रदेशांत याच्या उलट, उणीव आम्लाची असते आणि टार्टरिक आम्ल घालावे लागते. मर्यादेत राहून केले तर दोन्हींना मी भेसळ म्हणणार नाही.

साखरेची गरज आता घटते आहे. बर्गंडीतील बोन गावच्या काढणीच्या तारखा 1354 पासून 2018 पर्यंत जुळवलेल्या आहेत. 1987 पर्यंत तिथे काढणी सरासरी 28 सप्टेंबरला सुरू होई. 1988 पासून ती सुमारे 13 दिवस अलीकडे आली आहे. उतरत्या उन्हात पिकणारे फळ हळूहळू ऐन उन्हात ओढले जात आहे, आणि वर सांगितलेला सारा स्वभाव त्यामुळे बदलू शकतो, याची मला मनापासून काळजी वाटते.

प्रश्न : लाल वाइन फ्रिजमध्ये ठेवू नये म्हणतात. मग मिरजेच्या उन्हाळ्यात काय करावे?
(एक वाचक, मिरज)

उत्तर : खोलीच्या तापमानाला वाइन द्यावी, हा दंडक युरोपातील जुन्या, गार घरांतला आहे. मिरजेत मे महिन्यात खोलीच 35 अंशांवर असते आणि तिथे अल्कोहोलचा भपकारा फळाचा वास झाकून टाकतो. थंड मुलखातील हलकी लाल वाइन 13 ते 16 अंशांना उत्तम लागते, म्हणून बाटली निःशंकपणे फ्रिजमध्ये थंड करावी आणि पिण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे बाहेर काढून ठेवावी. जेवणात तांबडा रस्सा असेल, तर चौदा-पंधरा टक्क्यांची तुरट वाइन तिखटाची आग वाढवते. ही फिकी, आंबटसर वाइन त्या जेवणाबरोबर अधिक सुखाची जाते. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्येच ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी.