स्पॅनिशमधलं 'केदार' हे क्रियापद नेमकं समजून कसं घ्यायचं?

शब्दकोशात दहा-बारा अर्थ दिलेत आणि 'केदार'-'केदारसे'तला फरक कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. अर्थ पाठ करू नका. आधी मधलं इंग्रजी काढून टाका.

पुण्याच्या क्लासमध्ये मला 'केदार म्हणजे स्टे' एवढंच शिकवलं होतं. माद्रिदला कामाला गेले, पहिल्याच आठवड्यात सोबतच्या मुली म्हणाल्या, "केदामोस अ लास ओचो एन एल ओसो." मी समजले, आठपर्यंत थांबायचंय. शेवटचे शब्द, 'एन एल ओसो' म्हणजे 'अस्वलापाशी', सोडूनच दिले. मी ऑफिसात बसून आणि त्या पुएर्ता देल सोलच्या चौकात, अस्वलाच्या पुतळ्यापाशी माझी वाट बघतायत! स्पेनमध्ये 'केदामोस' म्हणजे 'भेटायचं ठरलं'.

मग एकदा माझी कोलंबियाची रूममेट दारात पर्स उलटी करून म्हणाली, "से मे केदारोन लास यावेस." हे मात्र ऐकताक्षणी कळलं. किल्ल्या घरीच राहिल्या! अगदी आपल्यासारखंच: राहिल्या त्या किल्ल्या, 'मी विसरले' असं नाही. 'मे केदान दोस दीआस' म्हणजे माझे दोन दिवस राहिलेत. 'ते केदा ब्येन' म्हणजे (ड्रेस वगैरे) तुला छान दिसतो. कर्ता ती वस्तू, माणूस नुसता 'मला-तुला'त. 'मला आवडतं' म्हणणाऱ्याला यात अवघड काय आहे?

क्लासच्या वहीत मी समासात 'राहणे, उरणे, ठरणे' लिहिलं होतं. मॅडमनी ते लाल पेनाने खोडलं, वर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मराठी घरी ठेवून यायचं." माझं अजूनही म्हणणं आहे की त्या चुकल्या. मराठीतून गेले असते तर महिन्याभरात कळलं असतं.

'केदारसे'चं थोडक्यात: आपणहून थांबणं, किंवा एखाद्या अवस्थेत जाणं. 'मे केदो एन कासा', मी घरीच थांबते. 'मे केदे दोर्मिदा', मला झोप लागली. 'केदारसे कोन' म्हणजे ठेवून घेणं.

हां, 'मी पुण्यात राहते'ला मात्र 'विविर'च लागतं, तिथे 'राहणे' फसवतं. आणि किल्ल्यांचं ते वाक्य लॅटिन अमेरिकेतलं. माद्रिदकर बहुतेक 'मे ए देखादो लास यावेस' म्हणतील.

तरी समासात मराठी लिहा. कुणी खोडलंच, तर किल्ल्यांचं वाक्य पुढे ठेवा आणि इंग्रजीत शब्दाला शब्द लावून दाखवा म्हणावं.