आधी विचार, कायदा केला कोणी?

प्रश्न : मी डिचोलीला बारावी कला शाखेत शिकते. वकील व्हायचं आहे. आजोबा वारल्यापासून घर आणि भाटाच्या (नारळाच्या बागेच्या) वाटणीवरून घरात वाद आहे. काका म्हणतात पोर्तुगीज कायदा लागतो, वकील २०१२ चा कायदा सांगतात, पंचायत वेगळंच सांगते. यातला खरा कायदा कुठला? आणि मी कुठल्या कायद्याची लाइन धरू?

उत्तर : लाइनची घाई नको. क्रिमिनल, सिव्हिल की कॉर्पोरेट, हे तिसऱ्या-चौथ्या वर्षी आपोआप कळू लागतं. तुझा पहिला प्रश्न मात्र मला जास्त आवडला. कुठला कायदा कोणाच्या जोरावर उभा आहे, हे ज्याला सांगता येतं त्याचं अर्धं वकिलीचं शिक्षण तिथेच झालं.

काकांचं घे. पोर्तुगालचा १८६७ चा सिव्हिल कोड १८७० पासून गोव्यात लागू झाला. पण आज तो चालतो तो लिस्बनच्या हुकमाने नव्हे. मुक्तीनंतर संसदेने १९६२ साली गोवा, दमण आणि दीवच्या प्रशासनाचा कायदा केला आणि त्यात म्हटलं की आधीचे कायदे बदलले किंवा रद्द केले जाईपर्यंत चालू राहतील. गंमत बघ, खुद्द पोर्तुगालने तो कोड १९६६ साली बाजूला सारून नवा केला. आपल्याकडे जुनाच राहिला. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ च्या निकालात हेच सांगितलं : मूळ परदेशी असलं तरी संसदेने स्वीकारल्यामुळे हा आता भारतीय कायदा आहे.

मग तुमचे वकील चुकले का? नाही. लग्न, वारसा हे विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे संसद आणि विधानसभा दोघींनाही त्यावर कायदा करता येतो. त्या अधिकारात गोवा विधानसभेने वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरीचा (म्हणजे मृताच्या मिळकतीची यादी करून ती वारसांत वाटण्याच्या कामाचा) २०१२ चा कायदा केला आणि डिसेंबर २०१६ पासून तो अमलात आला. कोडमधला वारशाचा भाग आता त्यात आहे. नवरा-बायकोच्या मिळकतीचा भाग अजून कोडमध्येच. म्हणून तुमच्या घरात दोन्ही लागतात. आजी-आजोबांनी लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मिळकतीतला अर्धा भाग मुळातच आजीचा. तो वाटणीत येतच नाही. उरलेल्या अर्ध्याची इन्व्हेंटरी, त्यात मुलगे आणि मुली सारख्याच. (आत्यांना कोणी विचारलं का, तुझ्या पत्रात आत्यांचं नावच नाही.)

पंचायतीचा अधिकार १९९४ च्या गोवा पंचायत राज कायद्यातून येतो आणि तो तेवढाच. बांधकामाचा परवाना, घरपट्टी ही तिची कामं. वारस ठरवणं तिचं काम नव्हे, आणि घरपट्टी कोणाच्या नावावर लागली म्हणून घर त्याचं होत नाही.

याच्याही खाली एक पायरी आहे. मांडवीच्या काठाला कोणी घर बांधू लागला की ज्या सीआरझेडचं (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचं) नाव निघतं ती संसदेने मंजूर केलेली गोष्ट नाही, १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्र सरकारने काढलेली अधिसूचना आहे. मूळ कायद्याने दिलं त्यापलीकडे अधिसूचना गेली तर कोर्ट ती उडवतं. कायदाच घटनेविरुद्ध असेल तर कायदाही उडतो. सर्वोच्च न्यायालयाने लावलेला अर्थ कलम १४१ नुसार देशभर बंधनकारक असतो, म्हणून निकाल हाही कायदाच. आणि रूढीसुद्धा : घटनेच्या कलम १३ मध्ये कायद्याच्या व्याख्येत ती आहे. आपली गांवकारी, म्हणजे गावाची जमीन गांवकरांनी मिळून सांभाळायची पद्धत, पोर्तुगीज येण्याआधीची. १५२६ च्या फोरालमध्ये (पोर्तुगीजांच्या सनदेत) ती लिहून काढली गेली आणि आज कोमुनिदादच्या, म्हणजे याच गांवकारी संस्थांच्या, कोडमध्ये आहे.

आता कॉलेजचं. बारावीनंतर पाच वर्षांचा बीए एलएलबी. मिरामारला साळगावकर, मडगावला कारे, ही दोन लॉ कॉलेजं. क्लॅट ही प्रवेश परीक्षा देऊन राष्ट्रीय विधी विद्यापीठात जाता आलं तर छानच, पण नाही जमलं म्हणून खट्टू होऊ नकोस. इन्व्हेंटरी, कूळ-मुंडकार (मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा), कोमुनिदाद हे काम बाहेर शिकून येणाऱ्याला इथे पुन्हा शिकावं लागतं. जमल्यास सोबत पोर्तुगीज शीक. जमिनीचे जुने कागद त्या भाषेत आहेत आणि ते वाचता येणारे वकील कमी होत चाललेत. माझ्या मते गोव्यात राहणाऱ्यासाठी हा कॉर्पोरेटच्या कुठल्याही डिप्लोमापेक्षा चांगला सौदा आहे.

न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर लक्षात ठेव, मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कनिष्ठ स्तरावरच्या भरतीलाही किमान तीन वर्षांची वकिली लागते. सिनियरच्या हाताखालच्या त्या वर्षांत कमाई बेताचीच असते. घरच्यांशी हे आत्ताच बोलून घे, पाच वर्षांनी नको. आणि सुट्टीत डिचोलीच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बस. बहुतेक सुनावण्या कोणालाही बघता येतात, फक्त मोबाइल बंद ठेव.