पहिल्या मीटिंगला दोनच माणसं होती

पत्र: "ताई, आमचं घर मालवणजवळ, अगदी किनाऱ्याला. घरचे ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, आहेत. पंधरा वर्षं दारू. मासेमारीबंदी लागली तसं जूनमध्ये त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केलं, महिनाभर राहून आले. आज ४२ दिवस झाले, थेंब नाही. निघताना समुपदेशकांनी बजावलं, एएची, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या गटाची, मीटिंग चुकवू नका. आमच्या गावात मीटिंग कुठली? जवळच्या शहरात शोधू म्हटलं तर म्हणतात, 'माका सगळे ओळखतत. मीटिंगेक गेलंय तर लोका नावा ठेवतली.' ३१ जुलैला बंदी संपेल, बोटी दर्यात जातील. परत आल्यावर खलाशी कुठे बसतात ते वेगळं सांगायला नको. मी काय करू?"

ताई,

बेचाळीस दिवस तुम्ही एकेक करून मोजलेत. ते मोजताना रात्री किती वेळा दाराची कडी वाजल्याचा भास झाला असेल, याची मला कल्पना आहे. माझ्या धाकट्या भावाचे दिवस मीही असेच कॅलेंडरवर खुणा करून मोजले होते.

आधी लोकलाजेचं बघू. गुत्त्यावर जाताना लोक बघतच होते, हे तुमच्या तोंडावर आलं असेल. बोलू नका. ते स्वतःला रोज तेच सुनावत असणार. त्यांना एवढंच सांगा, की एएच्या नावातच अनामिक हा शब्द आहे. आडनाव कुणी विचारत नाही, वर्गणी नाही. दारू सोडायची इच्छा, ही एकच अट. तरीही मालवणात नको वाटत असेल तर लांबच्या गावी जावं. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, जिथे सोय होईल तिथे चौकशी करा. गोव्यात तर बऱ्याच ठिकाणी मीटिंगा भरतात, आणि तिथली कोंकणी त्यांना परकी वाटायची नाही. बोटीच्या दिवसांत पाय निघाला नाही तर फोनवरून भरणाऱ्या ऑनलाइन मीटिंगा आहेत, मराठीतल्याही.

चौकशीची सुरुवात केंद्रातल्या त्या समुपदेशकांपासूनच करा. तुमच्या तालुक्यात त्यांच्याकडून बरा होऊन आलेला कुणी असेल, तर त्यांना ठाऊक असतं. सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्तीची हेल्पलाइन मोफत आहे. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयातही विचारता येईल. मीटिंगा बहुधा शाळेच्या किंवा चर्चच्या मागून घेतलेल्या खोलीत भरतात, जागा-वेळ बदलते. म्हणून निघण्याआधी फोन हवाच.

आणि तो फोन, ताई, त्यांनीच लावायचा. नंबर कागदावर लिहून दर्शनी ठेवा, पुढे हात आवरा. माझ्या भावासाठी सगळे फोन मी लावले. तो तीनदा माझ्यासाठी गेला आणि तीनदा परत प्यायला. चौथ्यांदा त्याने स्वतः नंबर फिरवला.

एए सुरू झालं तेच अशा फोनांतून. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा माणूस अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात परगावी अडकला होता. धंद्याचं काम फसलेलं, खिसा रिकामा, हॉटेलातला बार समोर. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. बारमध्ये जाण्याऐवजी तो फोनपाशी गेला आणि अनोळखी लोकांना फोन लावत सुटला, की मला इथे एखादा दारुडा भेटवा. दुसऱ्या दिवशी दारूत बुडालेले तिथलेच डॉक्टर बॉब भेटले. दोघं तासन्‌तास बोलत बसले. गावात मीटिंग नाही म्हणता ना, तिथेही नव्हतीच. तुमच्या किनाऱ्यावर दारू सोडलेला आणखी एक माणूस सापडला तरी आठवड्यातून एकदा दोघांनी बसावं.

भावाबरोबर मी एकदा खुल्या मीटिंगला गेले होते. तिथे घरच्यांनाही बसता येतं. मुलांचे बुटके बाक, त्यांवर गुडघे दुमडून बसलेली मोठी माणसं. चहा आला. एका नव्या माणसाला ग्लास अर्धाच भरून दिला. मला वाटलं चहा संपला. मग त्याचे हात दिसले. थरथरणाऱ्या हातातून चहा सांडू नये म्हणून देणाऱ्याने तो अर्धा भरला होता. त्याचेही हात कधीकाळी तसेच थरथरत होते.

आता तुमच्यासाठी. अल-अनॉन ही घरच्यांची मंडळी आहे. बिलच्या बायकोने, लोइसने, ती १९५१ मध्ये उभी केली. तिचा फोन मात्र तुम्ही लावा, आजच. त्यांनी पुन्हा घेतली तरी तुमचं जाणं थांबवू नका.

"न सांगता चहातून द्या, दारू सुटेल" अशा जाहिरातींच्या नादी अजिबात लागू नका. त्यातल्या काही औषधांवर माणूस दारू प्यायला तर जिवावर बेततं. आणि कधी पाय घसरून सलग काही दिवस पिणं झालं, तर कोंडून एकदम बंद करू नका. फिट येते, भ्रम होतो. थेट दवाखान्यात न्या.

बंदी उठायच्या आत दोन-तीन मीटिंगा व्हायला हव्यात. बोटीच्या मालकाशी, पटलं तर, त्यांनीच बोलावं, की किनाऱ्याला लागल्यावर मी जाळी आवरून थेट घरी जाईन.

मीटिंग संध्याकाळची असेल तर परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ आधी विचारून ठेवा. पावसात ती चुकली तर स्टँडसमोरच बार असतो.