केरामेइकोसला जाताय? मग एवढं ऐका

अथेन्समध्ये अ‍ॅक्रोपोलिसनंतर उरलेल्या तासाभरात केरामेइकोस ही प्राचीन दफनभूमी उरकू नका. सकाळी लवकर जा, पाणी आणि टोपी घ्या. सावली कमीच आहे. थिसिओ स्टेशनपासून चालत जाता येतं.

थडग्यांच्या रस्त्यावर डेक्सिलेओसच्या शिळेपाशी थांबाच. घोडेस्वार होता, इ.स.पू. ३९४ मध्ये लढाईत पडला, जेमतेम विशीचा. शिळेवर त्याच्या जन्माचंही वर्ष कोरलंय, हे फार दुर्मीळ. मला तिथून दर वेळी पाय निघत नाही. बाहेर प्रतिकृती आहे, मूळ शिळा आवारातल्या संग्रहालयात; हेगेसो नावाच्या स्त्रीची इथलीच शिळा मात्र राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात.

पुढे बुटके, साधे खांब दिसतील. अथेन्सचा तेव्हाचा शासक, फालेरॉनचा डेमेट्रिओस, याने थडग्यांवरचा थाट कायद्याने बंद केला, त्यानंतरचे ते. त्यांवर बसू नका, कबरी आहेत त्या. एरिडानोसच्या ओढ्याकाठी कासवंही भेटतील.