डोळ्यातले मुसळ: दिसत नाही की लक्षात घेत नाही?

प्रश्न आहे: "दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, असे आपण म्हणतो. बायबलमध्येही हेच आहे ना? आणि डोळ्यात मुसळ मावेल तरी कसे?"

आधी मुसळाचे बघू. ते मावत नाहीच, आणि मूळ शब्द तर त्याहून मोठा आहे. बायबलमध्ये येशूचे चरित्र सांगणारी चार शुभवर्तमाने आहेत: मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची. त्यांपैकी मत्तयाच्या शुभवर्तमानात (७:३) ग्रीक शब्द आहेत कार्फोस आणि दोकोस. कार्फोस म्हणजे वाळकी काडी, कसपट. दोकोस म्हणजे छपराला लागते ती तुळई. मार्कमध्ये (६:३) गावचे लोक येशूला सुतार म्हणतात, तेव्हा हे शब्द त्याच्या हातातलेच. मराठी भाषांतराने कुसळ आणि मुसळ घेतले आणि दृष्टान्त खळ्यात, माजघरात आणून सोडला. यमक जुळले हे खरेच, पण मला त्यातले कुसळ फार नेमके वाटते. कुसळाला उलटे बारीक काटे असतात. डोळा चोळला की ते आणखी आत जाते. लहानपणी माझ्या डोळ्यात गेले होते, तेव्हा आजीने मला दारात उजेडाकडे तोंड करून बसवले, पापणी उलटी केली आणि ओल्या पदराच्या टोकाने ते हळूच टिपून घेतले. काढणाऱ्याला नीट दिसावे लागते, हे तेव्हापासून पक्के ठाऊक आहे.

आता म्हणीचे. मत्तयात 'दिसत नाही' असे म्हटलेलेच नाही. तिथे पाहण्याची तीन वेगवेगळी क्रियापदे आहेत. भावाच्या डोळ्यातले कुसळ तू 'पाहतोस', आपले मुसळ 'लक्षात आणत नाहीस', आणि ते काढलेस की तुला 'स्पष्ट दिसेल'. मधले क्रियापद कातानोएओ, म्हणजे मन लावून जाणणे. 'दिसत नाही' म्हटले की माणूस सुटतो, बिचाऱ्याला दिसतच नाही. 'लक्षात आणत नाहीस' यात सुटका नाही. महाभारताच्या आदिपर्वात शकुंतला दुष्यंताला हेच सुनावते: दुसऱ्याची मोहरीएवढी छिद्रे पाहतोस, आपली बेलफळाएवढी मात्र 'पश्यन्नपि न पश्यसि', पाहत असूनही पाहत नाहीस.

हे आंधळेपण धार्मिक माणसाला जास्त जडते, आणि शुभवर्तमाने ते वारंवार सांगतात. लूकमधला (१८:९-१४) परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, मंदिरात उभा राहून आपले आठवड्याचे दोन उपास आणि दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देवाला मोजून दाखवतो, आणि आपण दूर उभ्या असलेल्या जकातदारासारखे नाही म्हणून आभारही मानतो. उपास खरे, दशमांशही खरा. मुसळ तिथेच आहे. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला दृष्टी मिळते आणि परूशी विचारतात, आम्हीही आंधळे आहोत काय? उत्तर मिळते की आंधळे असता तर पाप नसते. 'आम्हांला दिसते' म्हणता, म्हणून ते राहते.

आणखी एक गोष्ट म्हणीत गळून गेली आहे. आपण ती समोरच्याचे तोंड बंद करायला वापरतो: आधी स्वतःचे बघ. मत्तयात त्याच सातव्या अध्यायातले पाचवे वचन पुढे जाते. मुसळ काढ, म्हणजे भावाचे कुसळ काढायला तुला नीट दिसेल. भावाचा डोळा दुखतोच आहे, त्याला तसाच सोडायचे नाही.

तेव्हा बोलताना 'दिसत नाही' खुशाल म्हणा, ती रूढ म्हण आहे. मत्तयाचे वचन म्हणून लिहिणार असाल तर 'लक्षात आणत नाहीस' लिहा, आणि पाचवे वचनही सोबत द्या.