साध्या इलेक्ट्रिक गिटारवर स्टील गिटारचा नाद

प्रश्न : माझ्याकडे सहा तारांची साधी इलेक्ट्रिक गिटार आहे. अमेरिकन कंट्री संगीतातील पेडल स्टीलचा, म्हणजे पायपेडलांनी तारांचा स्वर बदलता येणाऱ्या आडव्या स्टील गिटारचा, आवाज मला फार आवडतो. तो मिळवण्यासाठी मी काचेची स्लाइड (बोटात घालून तारांवर सरकवायची नळी) घेतली आणि तारा ओपन ई ट्यूनिंगमध्ये (मोकळ्या तारांतून ई मेजर वाजेल अशा) लावल्या. पण जे ऐकू येते ते ब्लूजसारखे वाटते. माझे ट्यूनिंग चुकते आहे, की पेडल स्टीलवाले वादक वापरतात ते ई नाइन ट्यूनिंग गिटारवर लावायला हवे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपले ट्यूनिंग चुकलेले नाही. आपण स्टील गिटारचा जो गुण उचलायचा ठरवला आहे, तो मात्र पेडल स्टीलचा मुख्य गुण नव्हे. स्लाइड सरकवली की तिच्याखालच्या सगळ्या तारा एकत्र वर चढतात किंवा एकत्र खाली येतात. पेडल स्टीलमध्ये याच्या नेमके उलटे घडते : दोन तारा जागेवर स्थिर राहतात आणि त्यांच्या जोडीची आणखी एक तार, वाजत असतानाच, एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जाते. कंट्री गायक वेब पिअर्स यांच्या 1954 साली गाजलेल्या ‘स्लोली’ या गाण्यात स्टीलवादक बड आयझॅक्स यांनी पेडल दाबून वाजत्या तारा अशा चढवल्या, तेव्हा कंट्री संगीताचे केंद्र असलेल्या नॅशव्हिलमधल्या स्टीलवादकांनी आपापल्या वाद्यांना तशी पेडले बसवून घेण्याची घाई केली. त्याआधीही पेडले होती, परंतु त्यांचा उपयोग मुख्यतः एका ट्यूनिंगमधून दुसऱ्यात जाण्यासाठी होत असे. आपल्या कानाला जे हवे आहे ते हेच, आणि त्यासाठी स्लाइड बाजूला ठेवून नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये बोटांनी तार आडवी ओढणे (बेंड) हाच खरा मार्ग आहे.

एक उदाहरण गिटार हातात घेऊन करून पाहावे. पहिली (सर्वांत बारीक) आणि दुसरी तार आठव्या फ्रेटवर करंगळीने आडवी दाबा. तिसरी तार सातव्या फ्रेटवर अनामिकेने दाबा आणि मधल्या बोटाचा तिला आधार द्या. तिन्ही तारा एकदम छेडून फक्त तिसरी तार एक पूर्ण स्वर वर ओढा. डी हा स्वर ई होतो, वरचे जी आणि सी जागच्या जागी राहतात, आणि अधांतरी वाटणारा स्वरसमूह सी मेजरमध्ये येऊन विसावतो. पेडल स्टीलवर तिसऱ्या फ्रेटवर बार (तारांवर सरकवायचा धातूचा दांडा) ठेवून, बी नावाचे पेडल दाबलेले असताना ए नावाचे पेडल दाबले की नेमकी हीच हालचाल घडते. याची उलट बाजूही शिकण्यासारखी आहे : तिसरी तार नवव्या फ्रेटवर आवाज न करता आधीच अर्धा स्वर ओढून ठेवावी, मग ती आणि दुसऱ्या तारेचा आठवा फ्रेट एकत्र छेडून ओढ सावकाश सोडावी. एफ हा स्वर ई वर उतरतो आणि जी तसाच वाजत राहतो. या उतरत्या चालीत स्टीलची जी आर्तता आहे, ती चढत्या चालीपेक्षाही मला अधिक अस्सल वाटते.

येथे कानाची परीक्षा कठोर असते. एकट्या तारेचा बेंड किंचित कमी पडला तरी तो खपून जातो. शेजारी दोन स्थिर स्वर वाजत असताना मात्र किंचित कमी-जास्तही लगेच बोचते. शिवाय ओढलेल्या तारेने शेजारच्या तारेला ढकलता कामा नये. त्यासाठी 0.009 किंवा 0.010 इंचापासून सुरू होणारा हलका संच लावावा आणि तिसरी तार साधी असावी, गुंडाळलेली नको. आपल्या गिटारचा ब्रिज (अंगावरचा, तारा ज्यावर टेकतात तो भाग) स्प्रिंगांवर तरंगणारा असेल, तर एक तार ओढताच ब्रिज पुढे झुकतो आणि बाकीच्या तारा उतरतात. मग बोटांनी कितीही अचूक वाजवले तरी सूर जुळणार नाही. अशा ब्रिजमागे लाकडाचा तुकडा घट्ट बसवून तो स्थिर करावा. टेलिकास्टर या मॉडेलवर ब्रिज मुळातच पक्का असतो, आणि कंट्रीच्या गिटारवादकांची ती आवडती गिटार होण्यामागे हेही एक कारण आहे. त्याच मॉडेलवर 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात क्लॅरेन्स व्हाइट आणि जीन पार्सन्स या अमेरिकन वादकांनी बी-बेंडर ही यांत्रिक जोड बसवली : गिटारची मान खाली दाबली की खांद्यावरचा पट्टा एक दांडा ओढतो आणि दुसरी तार बी वरून सी शार्पवर जाते. गिटारवादक जेरी डोनाह्यू यांनी तेवढीही जोड न घेता, नटच्या (मानेच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या) मागचा तारेचा भाग बोटाने दाबून मोकळ्या तारा चढवण्याचे कौशल्य कमावले.

आता उजव्या हाताविषयी, कारण निम्मे काम तेथेच होते आणि शिकणारे तिकडेच सर्वांत कमी लक्ष देतात. प्लेक्ट्रम (तार छेडायची चपटी नखी) तारांवरून फिरवला की तारा एकामागून एक वाजतात. स्टीलवादक अंगठ्यात आणि बोटांत नख्या घालून दोन-तीन तारा एकाच क्षणी चिमटीत घेतल्यासारख्या छेडतो, आणि पुढचे स्वर घेण्याआधी आधीचे तळव्याने बंद करतो. म्हणून प्लेक्ट्रम अंगठा व तर्जनीत धरून मधले बोट आणि अनामिका यांनी उरलेल्या तारा छेडाव्यात. व्हॉल्यूम पेडल असल्यास उत्तम. नसल्यास करंगळीने गिटारवरचे व्हॉल्यूमचे बटण फिरवता येते. प्रत्येक स्वर शून्यापासून फुगवण्याचा मोह मात्र टाळावा. मुरलेला स्टीलवादक पेडल साधारण अर्धे उघडे ठेवून स्वर छेडतो आणि तो विरू लागताच पेडल हळूहळू उघडत नेतो; त्यामुळे स्वर फुगल्यासारखा न वाटता लांबतो. ब्रिजजवळचा पिकअप, स्वच्छ ॲम्प, थोडा कंप्रेसर (आवाजाची पातळी सारखी राखणारा) आणि बेताचा रिव्हर्ब (घुमारा) एवढे पुरेसे आहे.

ई नाइन ट्यूनिंग सहा तारांवर लावण्याचा खटाटोप करू नये. त्या वाद्याला दहा तारा, तीन पेडले आणि सहसा गुडघ्याने ढकलायचे चार-पाच दांडे असतात. त्याच्या पहिल्या दोन तारा एफ शार्प आणि डी शार्प या तिसऱ्या तारेच्या जी शार्पपेक्षा खालच्या स्वरांत लावलेल्या असतात, जेणेकरून बार न हलवता मधले स्वर हाताशी यावेत. पेडलांशिवाय ही रचना अर्धवटच राहते.

प्रश्न : हवाई बेटांच्या पद्धतीच्या, मांडीवर आडव्या ठेवून वाजवायच्या लॅप स्टील गिटारचे सी सिक्स ट्यूनिंग नेहमीच्या गिटारच्या तारांवर लावता येईल काय? चौथी तार चढवताना तुटली. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : तुटणारच. जाड तारेकडून बारीक तारेकडे मोजल्यास सी सिक्स म्हणजे सी, ई, जी, ए, सी, ई. नेहमीच्या संचात सहावी तार चार अर्धस्वर आणि पाचवी पाच अर्धस्वर उतरवावी लागते, म्हणून त्या ढिल्या पडून खडखडतात. चौथी डी वरून जी पर्यंत पाच अर्धस्वर चढवावी लागते आणि तेवढा ताण ती सोसत नाही. चौथीच्या जागी तिसरी म्हणून मिळणारी साधी तार लावा आणि खालच्या दोन तारा अधिक जाड घ्या, म्हणजे ट्यूनिंग नीट बसेल.

परंतु त्याआधी नेहमीच्या ट्यूनिंगमध्येच जे दडलेले आहे ते ऐकावे. वरच्या चार मोकळ्या तारा डी, जी, बी, ई म्हणजे जी सिक्स हाच कॉर्ड आहे. पाचव्या फ्रेटच्या धातूच्या पट्टीवर या चार तारांवरून स्लाइड सरळ ठेवली की सी सिक्स मिळतो. स्वरांचा क्रम लॅप स्टीलहून वेगळा असला तरी तो गोड, किंचित आळसावलेला हवाई रंग ताबडतोब ओळखू येतो. साधा मेजर कॉर्ड हवा असल्यास ओपन डी लावावे : डी, ए, डी, एफ शार्प, ए, डी. त्यात सर्व बदल तार उतरवण्याचे असल्यामुळे तारांवर आणि मानेवर ताण वाढत नाही. ओपन ई मध्ये तीन तारा चढवाव्या लागतात.

प्रश्न : लहानपणी रेडिओवर हिंदी चित्रपटगीतांच्या धून ‘हवाईयन गिटार’वर ऐकल्या. वरील बेंडच्या पद्धतीने तो आवाज निघेल काय? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही, तेथे स्लाइडच हवी. धातूच्या तुकड्याने तार घासून वाजवण्याच्या पद्धतीचे श्रेय सहसा हवाईतील ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकू यांना दिले जाते. ती पद्धत आपल्याकडे रुजवण्यात 1940 च्या दशकात कोलकात्यात राहिलेल्या ताउ मो या वादक कुटुंबाचा मोठा वाटा आहे. व्हॅन शिप्ली, सुनील गांगुली या गिटारवादकांच्या तबकड्यांत पेडलांच्या स्वरसमूहांपेक्षा एका तारेवर गायलेली चाल महत्त्वाची असते, आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी हीच गिटार रागसंगीतात आणून 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत संतूर आणि बासरीच्या बरोबरीने वाजवली. आपल्या कानाला ती जवळची वाटते याचे कारण तिच्यातली मींड.

उभ्या गिटारवर हे करताना स्लाइड फ्रेटच्या मागे नव्हे, तर बरोबर पट्टीच्या वर ठेवावी, तिच्या मागच्या बोटांनी तारा हलकेच दाबून फालतू आवाज थांबवावेत, आणि कंप तारेच्या लांबीच्या दिशेने द्यावा. बोटाने दिलेला कंप स्वराला फक्त वर नेतो; स्टीलचा कंप स्वराच्या दोन्ही बाजूंना झुलतो आणि गळ्याशी त्याचे साम्य त्यामुळेच आहे. आपण या वादनाकडे मनापासून वळणार असाल, तर नटवर बसणारी उंच पट्टी घेऊन गिटार मांडीवर आडवी ठेवावी. मात्र गिटारच्या मानेवरची, तारांखालची फळी किंचित बाकदार असते, म्हणून तारा कमानीत असतात आणि सरळ बार त्यांच्यावर डुलतो. नटवरची पट्टी सपाट असली तरी ब्रिजवरचे सॅडलही (प्रत्येक तारेचा टेकू) स्क्रूने वर-खाली करून सर्व तारा एका पातळीत आणाव्या लागतील. तेवढे केल्यावर त्या गिटारवर बोटांनी फ्रेट दाबता येणार नाही, तेव्हा शक्य असल्यास यासाठी एखादी जुनी, वापरात नसलेली गिटार वेगळी ठेवावी.