रंग हवेत, कचरा नको

प्रश्न : बिल्डचा लॉग (प्रोग्रॅम बांधतानाची नोंद) 'लेस' या फाइल वाचायच्या प्रोग्रॅममध्ये उघडला की रंगांऐवजी 'ईएससी[31एम' असलं काहीतरी दिसतं. फाइल बिघडली का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : फाइल शाबूत आहे. एस्केप (म्हणजेच 'ईएससी'), चौकटी कंस, 31 आणि एम ही टर्मिनलला, म्हणजे कमांड टाइप करतो त्या खिडकीला, दिलेली आज्ञा आहे : इथून पुढची अक्षरं लाल. 31च्या जागी 0 आला की सगळं पूर्ववत. 'लेस' अशी नियंत्रण-अक्षरं मुद्दाम उघडी करून दाखवतो. मला ते योग्यच वाटतं. अनोळखी फाइलने आपल्या टर्मिनलवर हुकूम का चालवावा?

'लेस'पुढे वजा चिन्ह आणि कॅपिटल आर लिहा. रंगाच्या आज्ञा टर्मिनलकडे जातील, बाकीच्या बहुतेक अडतील. स्मॉल आर मात्र कृपा करून टाळा. तो कर्सर हलवणारे संकेतही सोडतो. मग पडद्यावर काय कुठे आहे याचा हिशेब 'लेस'ला राहत नाही आणि लांब ओळी भलतीकडेच तुटतात.

रोजचं काम असेल तर कॅपिटल अक्षरांतल्या 'लेस' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्येच (प्रोग्रॅम सुरू होताना वाचतो त्या सेटिंगमध्ये) हा पर्याय ठेवा.

मजकूर शोधणाऱ्या 'ग्रेप' या कमांडचा निकाल पाइपने (एका कमांडचा निकाल थेट दुसरीला देणाऱ्या उभ्या रेघेने) 'लेस'कडे पाठवता तेव्हा रंग गायब होत असतील, तर कारण वेगळं आहे. 'कलर'चा पर्याय 'ऑटो' असला की समोर टर्मिनल नाही हे ओळखून 'ग्रेप' रंग घालतच नाही. तिथे 'ऑलवेज' द्या. पण तोच निकाल फाइलमध्ये साठवताना 'ऑलवेज' काढा, नाहीतर तेच संकेत फाइलभर पसरतील.